बेणेमळ्याचा अहवाल ‘अनिर्णित’ आला, तर काय समजावे?

— ऊस विकास अधिकारी



मागील गट बैठकीत एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, मातीचा रिपोर्ट आला की त्यात आकडे असतात, खताची मात्रा कळते. पण ह्या पानांच्या रिपोर्टात लिहिलंय ‘अनिर्णित’. म्हंजे रोग हाय का न्हाई, एवढंच सांगा.” बैठकीत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वेळ कमी होता म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. ते उत्तर माझे मलाच पटले नाही. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर मांडीत आहे. ज्यांच्याकडे बेणेमळा आहे त्यांनी आणि जे दुसऱ्याच्या मळ्यातून बेणे आणतात त्यांनीही हा लेख वाचावा, ही विनंती.

तपासणी कशासाठी?

ऊस आपण बियांपासून लावीत नाही, टिपरीपासून लावतो. त्यामुळे आईच्या अंगात जे असेल ते लेकराच्या अंगात उतरते. विषाणू तर हमखास उतरतो. आपली त्रिस्तरीय बेणे पद्धत म्हणजे मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित बेणे. साधारण एका एकराचे बेणे पुढे दहा एकरांना पुरते असे धरले, तर एक एकर मूलभूत मळ्याचे पुढच्या पायरीला दहा आणि त्यापुढे शंभर एकर होतात. चांगले असेल तर चांगले वाढते आणि खोट असेल तर खोटही त्याच हिशोबाने वाढते.

आपल्या भागात या बाबतीत मुख्य चिंता दोन रोगांची. पहिला मोझॅक. दुसरा पिवळ्या पानांचा रोग, ज्याला सगळे ‘यलो लीफ’ म्हणतात. हा रोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाई बेटांवर प्रथम लक्षात आला आणि आपल्या देशात १९९९ च्या सुमारास त्याची नोंद झाली. तो बेण्यातून पसरतो आणि माव्यातून पसरतो. कोयत्याने पसरत नाही. गवताळ वाढीवर उष्ण बाष्पयुक्त हवेची ५४ अंश सेल्सिअसची बेणे प्रक्रिया उपयोगी पडते, परंतु यलो लीफचा विषाणू त्या प्रक्रियेने जात नाही. तो घालवावयाचा तर शेंड्याच्या अगदी सूक्ष्म कोंबापासून उतिसंवर्धित रोपे तयार करावी लागतात. अशा रोपांच्या प्रमाणनाची राष्ट्रीय पद्धत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून सुरू केली आहे आणि तीत विषाणू तपासणी बंधनकारक आहे. तथापि रोप प्रयोगशाळेतून शुद्ध आले म्हणजे शेतात कायम शुद्ध राहीलच असे नाही. शेजारच्या जुन्या खोडव्यावरचा मावा बांध ओळखत नाही. म्हणून शेतातल्या बेणेमळ्याचीही तपासणी करावी लागते.

नुसत्या डोळ्यांनी भागत का नाही?

यलो लीफमध्ये वरून तिसऱ्या ते सहाव्या पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी पडते आणि पात आधी हिरवीच राहते. पुढे पिवळेपणा पातीवर उतरतो आणि पान शेंड्याकडून वाळत जाते. हे बहुधा ऊस सहा महिन्यांचा झाल्यावर दिसते. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने केवडा पडतो, तेव्हा उलट असते. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधल्या पट्ट्या पिवळ्या होतात. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी सरसकट पिवळी पडतात. पाणी साचले, मुळे गुदमरली, तरी ऊस पिवळा दिसतो. आणि मुख्य अडचण अशी की, विषाणू अंगात असूनही हिरवीगार उभी असलेली बेटे पुष्कळ असतात. तेव्हा पिवळा दिसला म्हणून रोगी नव्हे आणि हिरवा दिसला म्हणून निरोगी नव्हे. इथेच प्रयोगशाळा लागते.

प्रयोगशाळेत काय करतात?

दोन पद्धती प्रचारात आहेत.

पहिली एलायझा. पानाच्या शिरेचा रस काढून ९६ खळग्यांच्या एका प्लॅस्टिकच्या ताटलीत भरतात. विषाणूला नेमके धरून ठेवणारे प्रतिद्रव्य त्यात असते. विषाणू असेल तर शेवटी पिवळा रंग येतो आणि यंत्र त्या रंगाचा गडदपणा आकड्यात मोजते. आता गंमत अशी की, निरोगी उसाच्या रसालाही थोडा रंग येतोच. म्हणून ताटलीत मुद्दाम निरोगी उसाचे नमुने ठेवतात. समजा त्यांचे आकडे ०.१०, ०.११ आणि ०.१२ आले. सरासरी ०.११. पुष्कळ प्रयोगशाळा याच्या दुपटीवर रेघ मारतात, म्हणजे ०.२२. कोणी तिपटीवरही मारतात. आपला नमुना ०.०९ आला तर प्रश्न नाही. ०.६४ आला तरी प्रश्न नाही. पण एकाच पानाचा रस दोन खळग्यांत घातला आणि एकात ०.२० व दुसऱ्यात ०.२५ आला, तर काय म्हणावे? एक रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. थेंब किंचित कमी-जास्त पडला, धुणे जरा कमी झाले, तरी एवढा फरक पडतो. प्रामाणिक प्रयोगशाळा अशा वेळी ‘अनिर्णित’ लिहिते. त्यात तिचा कमीपणा नाही.

दुसरी पद्धत पीसीआर. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, नाकातल्या स्वॅबची जी आरटी-पीसीआर तपासणी झाली तीच ही जात. विषाणूच्या वंशद्रव्याचा ठराविक तुकडा यंत्रात प्रत्येक फेरीला दुप्पट करतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होतात. म्हणूनच ही पद्धत फार बारीक आहे, आणि म्हणूनच नाजूकही आहे. विषाणू भरपूर असेल तर विसाव्या-पंचविसाव्या फेरीलाच तो दिसू लागतो. सदतिसाव्या फेरीला कुठे अंधुक दिसला, तर दोन शक्यता राहतात. एक, विषाणू खरोखर आहे पण अत्यल्प. दोन, शेजारच्या नळीतला कण उडून आला आहे. नुसत्या त्या एका आकड्यावरून कोणालाही छातीठोक सांगता येत नाही.

अहवाल अस्पष्ट येण्याची कारणे

प्रयोगशाळेतल्या मंडळींशी बोलून आणि आपल्याकडचे जुने अहवाल पुन्हा काढून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलेली कारणे अशी :

१) नमुना खराब होणे. उसाच्या रसात साखर आणि काळवंडणारी द्रव्ये पुष्कळ. पान उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस घामेजून पडले की विषाणूचे वंशद्रव्य तुटते आणि ती द्रव्ये पीसीआरची क्रिया अडवतात. म्हणून प्रयोगशाळा सोबत उसाचा स्वतःचा एक जनुक तपासते. तोही दिसला नाही, तर त्या नमुन्याचे ‘निगेटिव्ह’ निरर्थक आहे. ऊसच दिसला नाही, तिथे विषाणू काय दिसणार!

२) विषाणू कमी असणे. यलो लीफचा विषाणू सगळ्या पानात सारखा पसरलेला नसतो, तो अन्नवाहिन्यांत राहतो. कोवळ्या रोपात प्रमाण कमी असते. शीर सोडून नुसती पात पाठविली तर असलेला रोगही निसटतो.

३) पाने एकत्र करणे. खर्च वाचावा म्हणून दहा बेटांची पाने एका नळीत घालतात. त्यांतले एकच रोगी असेल तर त्याचा रस दहापट पातळ होतो आणि आकडा नेमका रेघेजवळ येऊन अडकतो.

४) तुलनेचा ऊस वेगळा असणे. आपला नमुना दहा महिन्यांच्या उसाचा आणि तुलनेचे निरोगी पान प्रयोगशाळेतल्या कोवळ्या रोपाचे, तर रंगात मूळचाच फरक असतो.

५) शोध एकाचा, रोग दुसऱ्याचा. मोझॅक आपल्या देशात एकाहून अधिक विषाणूंमुळे होतो. एकाची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे दुसरा नाही, असे होत नाही. गवताळ वाढ तर विषाणूमुळे होतच नाही. ती फायटोप्लाझ्माची करामत. विषाणूच्या तपासणीत ती सापडणार नाही.

नमुना कुठून आला, हेही पाहावे

एक साधा हिशोब करू. समजा, तपासणी दहा रोगी बेटांपैकी नऊ पकडते आणि शंभर निरोगी बेटांपैकी दोघांवर खोटा आळ घेते. उतिसंवर्धित रोपांच्या मळ्यात १,००० बेटांत रोगी फक्त १० आहेत असे धरा. त्यांतली ९ पकडली जातील. उरलेल्या ९९० निरोगी बेटांपैकी सुमारे २० वर आळ येईल. म्हणजे २९ पॉझिटिव्हमध्ये खरी ९. आता एखाद्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या खोडव्यात १,००० पैकी ४०० रोगी आहेत असे धरा. तिथे ३६० खरी आणि केवळ १२ खोटी. तपासणी तीच, कागद तोच, पण अर्थ निराळा. म्हणून चांगल्या मळ्यातले एखादे अंधुक पॉझिटिव्ह लगेच खरे मानू नये आणि पिवळ्या पडलेल्या फडातले अंधुक पॉझिटिव्ह सहज झटकून टाकू नये.

माझी चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या भागात असताना, एका बेणेमळ्याचा अहवाल असाच सीमारेषेवर आला होता. ऊस हिरवागार, लागणीची घाई. मी म्हणालो, “रोग सापडला असं कुठं लिहिलंय? द्या बेणे.” नऊ जणांनी ते बेणे नेले. खोडव्यात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या उसाच्या शिरा पिवळ्या पडल्या. सगळा दोष त्या बेण्याचाच होता असे आजही मी सिद्ध करू शकत नाही. पण ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांतले अंतर मी त्या दिवशी विसरलो होतो. त्या नऊ जणांपैकी एकानेही मला बोल लावला नाही, तेच अधिक लागले.

उलट बाजूही पाहिली आहे. एका शेतकऱ्याने असाच अस्पष्ट अहवाल वाचून घाबरून उभ्या उसात नांगर घातला. तसे करण्याचे काहीएक कारण नव्हते. त्या उसाची साखर झाली असती.

मग निर्णय कसा घ्यावा?

यंदाचेच उदाहरण सांगतो. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचा सव्वा एकर पायाभूत मळा, को ८६०३२. ऑक्टोबरची लागण, जुलैच्या आडसालीसाठी बेणे द्यावयाचे. आठ जणांनी नावे नोंदविलेली. एप्रिलमध्ये सहा नमुने पाठविले. चार निगेटिव्ह, दोन अनिर्णित. तात्या कागद घेऊन ऑफिसात आले. “पास का नापास, ते सांगा.”

मी म्हणालो, “तात्या, ह्यात पास-नापास काहीच नाही. ह्यात लिहिलंय की पुन्हा पाने पाठवा.”

पहिले नमुने शनिवारी निघाले होते आणि सोमवारपर्यंत उन्हाळ्यात पिशवीत पडून होते. दोन अनिर्णितांपैकी एकात उसाचा स्वतःचा जनुकच दिसला नव्हता, दुसऱ्याचा आकडा रेघेवर होता. तेव्हा त्या बेटांना खुंट्या ठोकून क्रमांक दिले. त्याच बेटांची आणि भोवतालची अशी बारा पाने स्वतंत्रपणे, बर्फाच्या पेटीत, सकाळच्या गाडीने धाडली. दहा निगेटिव्ह, दोन स्वच्छ पॉझिटिव्ह आली. दोन्ही पूर्वेच्या, खोडव्यालगतच्या सऱ्यांतली.

तात्या म्हणाले, “दोनच सऱ्या हायत. त्या काढून टाकू आन् बाकीचं देऊ.”

बोलणे वरवर बरोबर वाटते. पण हिशोब पाहा. उरलेल्या मळ्यात शंभरात पाच बेटे रोगी आहेत असे धरले आणि दहा बेटे तपासली, तरी दहाही निरोगी निघण्याचा संभव शंभरात साठ असतो. म्हणजे दहा निगेटिव्हवरून मळा शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. तीच पाच टक्के लागण साठ बेटे तपासली तर शंभरात पाच वेळाच निसटेल. तेवढी तपासणी करण्यास जुलैपूर्वी वेळ नव्हता. म्हणून तो मळा बेण्यातून वगळला आणि ऊस गळितासाठी ठेवला.

या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की करावी. अस्पष्ट अहवालाचा अर्थ, ऊस कशासाठी आहे यावर ठरतो. बेण्यासाठी असेल तर ‘नक्की नाही’ म्हणजे ‘नाही’ समजावे, कारण चूक दहा-दहा पटीने वाढते. गळितासाठी असेल तर ‘नक्की नाही’ म्हणजे बिनघोर चालू ठेवावे, कारण चूक त्या फडापुरतीच राहते. विषाणू असलेल्या उसालाही पाणी, खत आणि माव्याचा बंदोबस्त वेळेवर असेल तर तो गळितास जातो. माणसाच्या तब्येतीला त्या साखरेपासून काही अपाय नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तसे विचारणारे भेटले आहेत.

सभासदांना सूचना

१) बेणेमळ्याचे नमुने ऊस पाच ते सहा महिन्यांचा असतानाच द्यावेत, म्हणजे फेरतपासणीला वेळ उरतो. बेणे तोडण्याच्या आठवड्यात तपासणीची घाई करू नये.

२) पोंग्याखालचे पूर्ण उघडलेले, कांड्याशी जोड स्पष्ट दिसणारे पहिले पान मधल्या शिरेसह घ्यावे. फक्त बांधावरची किंवा फक्त पिवळी पाने घेऊ नयेत. मळ्यात नागमोडी फिरून सर्व बाजूंची घ्यावीत.

३) प्रत्येक बेटाला खुंटी व क्रमांक द्यावा. फेरतपासणी त्याच बेटाची झाली पाहिजे.

४) पाने कोरड्या कागदात गुंडाळून थंड पेटीत ठेवावीत आणि चोवीस तासांत पोचतील असे पाहावे. शनिवारी नमुने धाडू नयेत.

५) सोबत जात, लागणीची तारीख, जमीन, अलीकडचे खत व फवारणी लिहून द्यावी.

६) अहवाल आल्यावर चार गोष्टी विचाराव्यात : तुलनेचे नमुने बरोबर आले का? तपासणी एका पद्धतीने झाली की दोन्ही? कोणत्या विषाणूची? पाने सुटी होती की एकत्र? ही उत्तरे मिळविण्यास चिटबॉय किंवा गट कार्यालय मदत करील.

७) ‘अनिर्णित’ आल्यास बेण्याची विक्री थांबवावी. ऊस मोडू नये. तीन-चार आठवड्यांनी फेरनमुने द्यावेत, शक्यतो दुसऱ्या पद्धतीने तपासावेत. दुसऱ्यांदाही तसेच आले तर तो मळा बेण्यासाठी धरू नये.

८) बेणे घेणाऱ्याने मळेवाल्याकडे अहवाल मागावा. मागण्यात संकोच नको आणि दाखविण्यात राग नको.

शेवटी एक बोलणे राहिले. तात्यांनी कागद लपविला असता तर बेण्याचा जादा दर त्यांना मिळाला असता. त्यांनी तो स्वतः ऑफिसात आणून दाखविला आणि जादा दर गमावला. त्यांनी जाताना विचारले, “खरं सांगणाऱ्यानंच सोसायचं व्हय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जे मळे तपासणीमुळे बेण्यातून वगळले जातील त्यांना काही भरपाई मिळावी आणि फेरतपासणीचा खर्च सभासदावर पडू नये, अशी टिपणी मी कार्यालयास दिली आहे. निर्णय संचालक मंडळाचा आहे. पण सभासदांनीही येत्या वार्षिक सभेत हा विषय काढावा असे मला वाटते. कारण खरा अहवाल दाखविणाऱ्याचे नुकसान होत राहिले, तर उद्या कोणी पानेच पाठविणार नाही. मग प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी काय उपयोग?

तूर्त ज्यांच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर लागणीसाठी बेणेमळे उभे आहेत त्यांनी आपल्या गटात नावे नोंदवून नमुन्यांचा दिवस ठरवून घ्यावा. पेटी व कागद शेतकी खात्याकडून मिळेल.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी